माळ्यावरचा कॉम्प्युटर खाली काढताय? मग आधी हे वाचा

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केले. इकडे सांगलीत तो आठवडा दिवाळीच्या साफसफाईचा. त्यामुळे मला दोन तऱ्हेचे फोन आले. एक, "स्क्रीनवर सारखी कसली तरी इंग्रजी सूचना येतीय, काय दाबू?" आणि दुसरा, "माळ्यावर जुना पीसी निघालाय, भंगारवाला किलोनं मागतोय, देऊन टाकू?" दोघांनाही एकच उत्तर दिलं: रविवारी येतो, तोवर काही दाबू नका आणि काही देऊ नका.

मी कॉम्प्युटर इंजिनियर नाही. विश्रामबागेत राहतो, पोटापाण्याचा उद्योग वेगळाच आहे. पण बरीच वर्षं ओळखीपाळखीच्या घरांत जाऊन जुन्या मशिनींवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, टाकून देतोय. फी म्हणजे चहा आणि वाटीभर भडंग. हे लिहितोय ते ज्यांनी आजवर एकदाही ऑपरेटिंग सिस्टिम टाकलेली नाही त्यांच्यासाठी.

लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिहायला घेतला. त्या गाभ्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी आपापले संच बांधलेत, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. पीठ एकच, कुणी भाकरी थापतो, कुणी थालीपीठ लावतो. पैसे पडत नाहीत, आणि एकाच पेनड्राइव्हवरून दहा घरांत टाकलं तरी ती चोरी होत नाही. आपल्याकडच्या असेंबल मशिनींवरचं विंडोज कुठून आलेलं असतं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे या दुसऱ्या मुद्द्याचं मला जास्त अप्रूप.

आधी घरात विचारा, मग मशिनीला

या कॉम्प्युटरवर कोण काय करतं? ब्राउझरमध्ये होणारी कामं, म्हणजे सातबारा काढणं, रेल्वेचं तिकीट, विजेचं बिल, नेटबँकिंग, यूट्यूब, पोरांचे फॉर्म, यांतलं लिनक्सवर काहीच अडत नाही. पत्र लिहिणं, हिशोबाची शीट, पीडीएफ, हेही सगळं होतं.

टॅली चालवत असाल तर थांबा. टॅली लिनक्ससाठी येत नाही. वळसे घालून चालवणारे आहेत, पण जीएसटीच्या तारखेच्या आदल्या रात्री तो वळसा तुमच्या गळ्याशी येईल. श्री-लिपी, पेजमेकर, कोरलड्रॉवर लग्नपत्रिका आणि हँडबिलं करणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं. ई-टेंडरसाठी डिजिटल सहीचं टोकन लावत असाल तर ते मशीन जसं आहे तसं राहू द्या. माझ्या ओळखीत गणपती पेठेतले एक व्यापारी काका आहेत. त्यांनी हौसेनं दुकानचा पीसी बदलायला सांगितला, मी नाही म्हटलं, आणि त्यांच्या घरी पडलेल्या दुसऱ्या पीसीवर टाकून दिलं. आता दुकानात टॅली, घरी लिनक्स. दोघांचं सुखात चाललंय.

पेटी उघडा

लोक थेट पेनड्राइव्हकडे धावतात. पण "मशीन स्लो झालंय" या तक्रारीतली निम्मी तक्रार धुळीची आणि हार्डडिस्कची असते. म्हणून पहिला रविवार कॅबिनेटला द्या. वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट निघून जाईल, मग बाजूचा पत्रा उघडा.

मार्केट यार्डाजवळच्या एका गाळ्यातला पीसी मी उघडला तेव्हा आत सगळं पिवळंधमक होतं. वर्षानुवर्षं हळदीची पूड पंख्यानं ओढून घेतलेली. प्रोसेसरवरचा हीटसिंक, म्हणजे त्याला थंड ठेवणारा धातूचा ठोकळा, चक्क भरून आलेला, वारा जायला जागाच नाही. प्रोसेसर तापला की आपणहून वेग कमी करतो आणि आपण दोष देतो विंडोजला. ब्लोअर किंवा मऊ ब्रश वापरा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरतं आणि बेअरिंग जातं. ओला फडका नको.

मग मदरबोर्डवरचे, म्हणजे आतल्या मुख्य मोठ्या बोर्डावरचे, उभे गोल कपॅसिटर पाहा. वरचं तोंड सपाट असेल तर ठीक. फुगलं असेल किंवा तपकिरी चिकट काही आलं असेल तर बोर्ड मरायला टेकलाय, त्यावर पैसे घालू नका. रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी पिना खोडरबरनं हलक्या हातानं घासा आणि परत टक् आवाज येईपर्यंत बसवा. आपल्याकडचा प्रत्येक रिपेअरवाला पहिल्यांदा हेच करतो आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा तेवढ्यानं बंद मशीन चालू होतं.

नाण्याएवढा गोल सेलही बदलून घ्या. सीआर २०३२ म्हणून घड्याळवाल्याकडे मिळतो. हा सेल मेला की प्रत्येक वेळी चालू करताना मशीनची तारीख मागं जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक वेबसाइटला "सुरक्षित नाही" म्हणत बसतो. या एका सेलपायी लिनक्स बिघडलंय म्हणून मला दोनदा कुपवाडपर्यंत जावं लागलंय.

एक इशारा खास आपल्या गावासाठी. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तेव्हा पाण्यात बुडालेलं मशीन अजून कुठं पडलं असेल तर ते लावून बघू नका. एसएमपीएसमध्ये, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या पेटीत, वाळलेला गाळ असतो, आणि ती पेटी घरी उघडण्यासारखी नसते. त्यातली हार्डडिस्क फोटोंसाठी हवी असेल तर डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडेच द्या.

किती रॅम, कुठली डिस्ट्रो

विंडोज चालू होत असेल तर "दिस पीसी" वर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. रॅम आणि प्रोसेसरचं नाव तिथं दिसेल. "३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम" (म्हणजे जुन्या तऱ्हेची; नवी ती ६४-बिट) असं दिसलं तरी लगेच हिरमुसू नका. विंडोज ७ च्या काळात ६४-बिट प्रोसेसरवर ३२-बिट विंडोज सर्रास टाकून दिलेलं असायचं. कोअर टू ड्युओ असेल तर प्रोसेसर ६४-बिटच आहे. एमएस-सीआयटीच्या लाटेत घेतलेले पेंटियम फोर मात्र बहुतेक ३२-बिट, आणि २००८-०९ मधले ॲटम एन २७० वाले चिमुकले नेटबुकही तसेच.

४ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, त्यामुळे विंडोजची सवय असलेला माणूस गोंधळत नाही. मिंट २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. दुसरं काही शोधत बसू नका. यूट्यूबवर रोज कुणीतरी नवीन "सर्वांत हलकी" डिस्ट्रो सांगत असतो. ते बघण्यात संध्याकाळ जाते.

२ जीबी असेल तर लुबुंटू चालेल, पण माझं मत विचाराल तर आधी रॅम वाढवा. जी ३१ चिपसेटचे बोर्ड आपल्याकडे खूप विकले गेले, त्यांना डीडीआर टू रॅम लागते आणि जास्तीत जास्त ४ जीबी चालते. रिपेअरच्या दुकानात जुनी पट्टी मिळून जाते. जाताना स्वतःची पट्टी खिशात घेऊन जा, म्हणजे डीडीआर टू आणि थ्रीचा घोळ होत नाही.

१ जीबी किंवा ३२-बिट असेल तर अँटीएक्स. तेही मर्यादा ओळखून. डेबियनसारख्या जुन्याजाणत्या प्रकल्पानंही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं, आणि क्रोमनं लिनक्सवरचं ३२-बिट २०१६ मध्येच सोडलं. इथं अडतो तो ब्राउझर. सिस्टिम स्वतः तीनशे-चारशे एमबीत भागवते, पण यूट्यूबचा एक टॅब उघडला की एक जीबी भुर्रकन उडते. अशा मशिनीवर गाणी ऐका, टायपिंग शिकवा, जुनी पत्रं उघडा. इंटरनेटचा हट्ट नको. ५१२ एमबी असेल तर भंगारवाल्याला हाक मारायला हरकत नाही.

रॅमनंतर दुसरा खर्च एसएसडीचा, म्हणजे न फिरणाऱ्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कचा, आणि तो मी प्रत्येकाला करायला लावतो. फिरत्या हार्डडिस्कला एकेक फाइल शोधायला दहा-बारा मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकं. साधी अडीच इंची, साटा जोडणीची एसएसडी घ्या, २४० किंवा २५६ जीबी पुरते. डेस्कटॉपमध्ये ती दुहेरी चिकटपट्टीनं लावली तरी चालते, आत फिरणारं काहीच नसतं. बोर्डावर साटाची जागाच नसेल, नुसती जुनी रुंद पट्टी असेल, तर मात्र खर्च करू नका.

जुनी डिस्क काढून कपाटात ठेवा

मी एसएसडीसाठी एवढा हट्ट धरतो त्याला वेगाइतकंच आणखी एक कारण आहे, आणि ते मला महागात पडून कळलं. माझ्या मोठ्या आत्याकडे पीसी बदलत होतो. बॅकअप घेतला, बाहेरच्या हार्डडिस्कवर. सगळं शिस्तीत. आणि ती बाहेरची डिस्क तशीच लावलेली ठेवून इन्स्टॉल सुरू केलं. "डिस्क पुसून टाका" या पानावर दोन डिस्कांची नावं होती, दोन्ही ५०० जीबीच्या, दोन्ही एकाच कंपनीच्या. मी चुकीची निवडली. आतेबहिणीच्या लग्नाचे फोटो त्यातच. नंतर फोटोरेक नावाच्या मोफत प्रोग्रॅमनं बरेचसे परत काढले, पण त्या प्रोग्रॅमला फाइलची मूळ नावं मिळत नाहीत. नुसते आकडे. हळद कुठली, सप्तपदी कुठली, पूजा कुठली, हे लावायला आत्या आणि मी तीन रविवार बसलो. आत्या एका शब्दानं बोलली नाही, ते जास्त लागलं.

तेव्हापासून नियम: इन्स्टॉल करताना मशीनमध्ये एकच डिस्क. जुनी हार्डडिस्क काढायची, कागदात गुंडाळून त्यावर नाव आणि तारीख लिहायची, कपाटात ठेवायची. नवी कोरी एसएसडी लावायची. मग चुकायला जागाच उरत नाही, आणि महिन्याभरानं "ते आप्पांचं मृत्युपत्राचं टिपण कुठाय" अशी आठवण झाली तर डिस्क आहेच. नवीन डिस्क घेणं शक्यच नसेल तर डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स, पिक्चर्स हे चार फोल्डर आणि डी, ई ड्राइव्ह दुसरीकडे उतरवा. दोन-चार फाइली खरंच उघडतात का ते दुसऱ्या मशिनीवर बघा आणि मग ती बॅकअपची डिस्क उपसून बाजूला ठेवा.

विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी ठेवता येतात. मी नवख्यांना ते सुचवत नाही. केलंच तर विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून शटडाउन करा, कारण एरवी ते अर्धवट झोपतं आणि लिनक्सला त्याच्या ड्राइव्हमध्ये लिहिता येत नाही.

पेनड्राइव्ह

८ जीबीचा पुरे. त्यातलं सगळं पुसलं जाणार हे लक्षात ठेवा. मिंटच्या अधिकृत वेबसाइटवरून आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टिम बांधलेली एकच मोठी फाइल, उतरवा. साधारण ३ जीबीच्या आसपास असते. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीत ती बसत नाही, म्हणून घरी फायबर असलेला मित्र गाठा किंवा टॉरेंटनं दोन दिवसांत उतरवा; तुटलं तरी तिथूनच पुढं चालू होतं.

विंडोजवर रूफस नावाचा छोटा प्रोग्रॅम घ्या. त्यात पेनड्राइव्ह निवडा, आयएसओ निवडा, जुन्या मशिनीसाठी पार्टिशन स्कीम एमबीआर ठेवा, स्टार्ट दाबा. त्याआधी आयएसओच्या नावाशेजारी बरोबरच्या खुणेचं छोटं बटण आहे ते दाबा. लांबलचक आकडा दिसेल. वेबसाइटवर दिलेल्या शा २५६ (SHA256) आकड्याशी पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं जुळली तर फाइल अर्धवट उतरलेली नाही. हे दोन मिनिटांचं काम टाळलं की इन्स्टॉल सत्तर टक्क्यांवर अडकतं आणि माणूस रॅमला शिव्या देतो.

चालू करा, पण टाकू नका

पेनड्राइव्ह कॅबिनेटच्या मागच्या बाजूला लावा; पुढचे पोर्ट सैल झालेले असतात. पॉवर देताच बूट मेनूची, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या यादीची, कळ टिचकी मारल्यासारखी दाबत राहा. डेल, लेनोवो आणि गिगाबाइट बोर्डाला एफ १२, आसूस बोर्डाला एफ ८, एमएसआयला एफ ११, इंटेलच्या स्वतःच्या बोर्डाला एफ १०, एचपीला आधी एस्केप मग एफ ९. काही जुन्या बोर्डांत पेनड्राइव्हचं नाव यादीत दिसतच नाही. तिथं "हार्डडिस्क" वर एंटर मारा, आत लपलेलं सापडेल.

दोन-तीन मिनिटांत मिंटचा डेस्कटॉप येईल. तो पेनड्राइव्हवरून चाललेला आहे, डिस्कवर अजून काही लिहिलेलं नाही. जुन्या पोर्टमुळे तो रेंगाळत चालतो, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका. इथं बघायचं ते एवढंच: आवाज येतो का, स्क्रीन नीट भरते का, माउस-कीबोर्ड, इंटरनेट. डेस्कटॉपला वायफाय नसेल आणि बाजारातला स्वस्त डोंगल ओळखला जात नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलनं जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा काहीही न टाकता नेट सुरू होतं. घरातल्या ज्याला हे वापरायचंय त्याला तासभर समोर बसवा. तुम्ही माउसला हात लावू नका.

आता टाका

यूपीएस धड नसेल तर वळवाचे ढग दाटलेल्या दुपारी हे काम काढू नका. डेस्कटॉपवरचं इन्स्टॉलचं चिन्ह दोनदा क्लिक करा. भाषा विचारली की मी इंग्रजीच ठेवतो. मराठी भाषांतर अर्धंमुर्धं असतं, आणि पुढं अडचण आली तर शोधायला इंग्रजी शब्द लागतात. कीबोर्डही इंग्लिश यूएसच. इथं मराठी निवडलं तर पासवर्ड देवनागरीत पडतो आणि लॉगिनच्या पानावर डोकं धरून बसावं लागतं. मल्टिमीडिया कोडेकच्या चौकोनात खूण करा, नाहीतर काही व्हिडिओ चालत नाहीत. पुढचं पान "डिस्क पुसा" चं. एकच डिस्क आहे, तेव्हा बिनधास्त. नकाशावर भारतात कुठंही टिचकी मारली की कोलकाता येतं, आपली वेळ तीच. नाव, पासवर्ड, आणि बसा. एसएसडीवर पंधरा-वीस मिनिटं लागतात, जुन्या डिस्कवर पाऊण तास. भडंग आत्ता काढा.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर अपडेट मॅनेजर उघडून सगळे अपडेट होऊ द्या. मग टाइमशिफ्टमध्ये एक स्नॅपशॉट घेऊन ठेवा; पुढं कुणी काही बिघडवलं तर सिस्टिम त्या दिवसावर परत नेता येते. तुमचे फोटो त्यात येत नाहीत, ते वेगळे सांभाळा.

मराठी

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या पानावर जाऊन भारत या गटातून मराठी जोडा. इनस्क्रिप्ट ही सरकारी मांडणी आहे, आणि उच्चाराप्रमाणे लिहिणाऱ्यांसाठी कगप फोनेटिक आहे. त्यानं भागलं नाही तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम१७एन टाका, लॉगआउट करून परत या. त्यात गमभनची पद्धतही मिळते.

खरी गोची जुन्या फाइलींची. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र उघडलं की "ÛÖ" छापाची गिचमिड दिसते, कारण ते युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखं दिसणारं टायपिंग, नसतं. मजकूर गेलेला नाही, फॉन्ट नाही एवढंच. जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ती फाइल आणून दोनदा क्लिक करून बसवली की वाचता येतं. तुमच्याकडच्या फॉन्टचा परवाना तेवढा बघून घ्या. कायमचं काम असेल तर युनिकोडमध्ये रूपांतर करून घेतलेलं बरं, आणि ते करताना जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

प्रिंटर

एचपी लेझरजेट १०२० घरोघरी आहे. तो चालतो, पण पहिल्यांदा जोडल्यावर एचपीचं एक प्लगइन नेटवरून उतरवू द्यावं लागतं. कॅनन एलबीपी २९०० मात्र लिनक्सवर भलता त्रास देतो. कॅननचा कॅप्ट ड्रायव्हर आहे, पण तो बसवणं नवख्याचं काम नव्हे; मलाही दर वेळी तो पहिल्या फटक्यात बसत नाही. ज्यांच्याकडे तो आहे त्यांना मी पीडीएफ करून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे पाठवतो.

पहिला आठवडा

हमखास येणारा फोन: "सी ड्राइव्ह कुठं गेला?" इथं ड्राइव्हची अक्षरं नसतात. तुमचं जे काही आहे ते होम फोल्डरमध्ये. दुसरा फोन: "अमुक सेटअप डाउनलोड केला, उघडेना." विंडोजचे सेटअप इथं चालत नाहीत, जे हवं ते सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधायचं, मोबाइलच्या प्ले स्टोअरसारखं. तिसरा फोन अँटीव्हायरसचा. तो घ्यायची गरज नाही, पण ओटीपी विचारणाऱ्या भामट्यावर लिनक्सचाही इलाज नाही, हे मी आवर्जून सांगतो.

आणि तो पेनड्राइव्ह पुसून त्यात गाणी भरू नका. त्यावर "मिंट" लिहून जुन्या डिस्कशेजारी कपाटात ठेवा. शेजारच्या वहिनींचं विंडोज एखाद्या सकाळी सुरू होत नाही आणि पोराचा प्रोजेक्ट त्यातच अडकलेला असतो, तेव्हा त्याच पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून ती फाइल बाहेर काढता येते.